खटका दाबल्यानंतरचा क्षण

१८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंबहून निघणारा आठ मैलांचा रेल्वेफाटा त्यांच्या हस्ते सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होते आणि तिथला कापूसबाजार साऱ्या वऱ्हाडात नावाजलेला होता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली होती. पण त्या युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांची नजर जी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली होती, ती पुरती हटलेली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई, एडन, सुएझ आणि पुढे इंग्लंड अशी समुद्राखालची तार जोडून झाली. त्याआधी इराण-तुर्कस्तानातून जमिनीवरून येणाऱ्या तारेला दिवसच्या दिवस लागत, आणि वाटेतल्या अनेक हातांतून जाता जाता मजकुराचा पार चुथडा होई. आता लिव्हरपूलचा भाव काही तासांत मुंबईला आणि तिथून अकोला-अमरावतीच्या अडत्यापर्यंत पोचू शकत होता.

भाव तारेतून येतो म्हणजे तारेतून काही अक्षरे धावत नाहीत. एका टोकाला बसलेला माणूस खटका दाबतो, तारेत वीज शिरते. खटका सोडतो, वीज थांबते. अशा लहानमोठ्या धक्क्यांची सांकेतिक लिपी दुसऱ्या टोकाचा माणूस वाचतो. गावागावांतून खांबांवर गेलेल्या तारेत हे ठीक चाले. समुद्राच्या तळाशी हजारो मैल पसरलेल्या केबलमध्ये मात्र एक गंमत होई. इकडे खटका एका क्षणात दाबला जाई, तिकडे मात्र वीज हळूहळू चढत येई आणि रेंगाळत उतरे. धक्का निघताना काटकोनात उभा असे, पोचताना ढिगाऱ्यासारखा पसरलेला असे. दोन धक्के घाईने पाठवले तर त्यांचे ढिगारे एकमेकांत मिसळत आणि वाचणाऱ्याला काही उमजत नसे. अटलांटिक महासागराखालच्या १८५८ च्या पहिल्या केबलवरून राणी व्हिक्टोरियाचा शंभराच्या आतल्या शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले होते. ती केबल पुढे काही आठवड्यांतच मेली.

वीज तर क्षणात धावते, मग हा उशीर कसला? या प्रश्नाचे पुरे उत्तर ज्याने दिले तो माणूस १८७० साली अवघ्या २० वर्षांचा होता आणि स्वतः अशाच एका केबलच्या टोकाशी खटका दाबत बसला होता. त्याचे नाव ऑलिव्हर हेविसाइड. अमरावती-अकोल्यातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज हे नाव गणिताच्या पुस्तकात एका फलनाच्या मागे लावलेले वाचतो. परीक्षेपुरते पाठ करतो आणि पुढे जातो. पण ॲम्प्लिफायर चांगला की वाईट हे ठरवताना ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर जी चौकोनी लहर तो पाहतो, तिच्या मुळाशी याच माणसाची दृष्टी आहे.

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डन टाउन भागातला. वडील लाकडावर कोरून चित्रांचे ठसे तयार करत. छायाचित्रणाचे युग येत होते आणि हा धंदा बसत चालला होता. चार मुलांत ऑलिव्हर धाकटा. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला. घशात शिरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा हा आजार. अंगावर लाल पुरळ उठते, ताप चढतो आणि संसर्ग घशातून मध्यकर्णात गेला तर कानाचे नुकसान होते. आज प्रतिजैविकाच्या काही दिवसांच्या गोळ्यांनी तो आटोक्यात येतो. पेनिसिलिन हाती यायला तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे होती. ऑलिव्हर वाचला, पण त्याला ऐकू कमी येऊ लागले. गल्लीतल्या पोरांच्या खेळात जो हाक ऐकत नाही तो आपोआप बाहेर पडतो, तसा तोही पडला. पुढे किशोरवयात ऐकणे बरेच सुधारले, पण एकटेपणाची जी सवय लागली ती जन्मभर गेली नाही. उतारवयात कान पुन्हा मंदावले.

शाळेत तो हुशार होता. पाचशेहून अधिक मुले बसलेल्या एका परीक्षेत तो पाचवा आला. तरी सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कारण पुढे शिकवायला घरात पैसा नव्हता. मात्र या घराला एक मोठा आधार होता. आईच्या बहिणीचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टन. वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला हा माणूस; कॉन्सर्टिना हे वाद्य त्याचे, इंग्लंडमधल्या पहिल्या व्यावहारिक तारायंत्रातला एक वाटेकरीही तोच. मावशीच्या यजमानांच्या वशिल्याने म्हणा की सल्ल्याने म्हणा, ऑलिव्हरचा मोठा भाऊ आर्थर तारखात्यात गेला आणि १८६८ मध्ये ऑलिव्हर डेन्मार्कमधल्या फ्रेडेरिसिया इथे तारमास्तर झाला. पुढे त्याच कामावर तो न्यूकॅसलला आला.

न्यूकॅसल ते डेन्मार्क या केबलवर त्याला एक विचित्र गोष्ट आढळली. इकडून तिकडे संदेश जितक्या वेगाने जात, तितक्या वेगाने तिकडून इकडे येत नसत. केबल एकच, समुद्र एकच, मग दिशेनुसार फरक का? बाकीच्यांनी ती खोड समजून सोडून दिली. ऑलिव्हरने कागद-पेन्सिल घेतली आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांचा व तारांचा रोध वेगवेगळा असल्यामुळे तसे होते, हे पुढे गणिताने दाखवले.

१८७३ मध्ये व्हीटस्टन ब्रिजच्या गणितावरचा त्याचा लेख छापला गेला आणि विल्यम थॉमसन (हेच पुढचे लॉर्ड केल्विन) व जेम्स क्लार्क मॅक्सवेल या दोघांनीही त्याची दखल घेतली. त्याच सुमारास मॅक्सवेलचा विजेवरचा मोठा ग्रंथ त्याच्या हाती पडला. तो वाचण्यापुरतेही गणित त्याला येत नव्हते. १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली, आईवडिलांच्या घरी परतला आणि दार लावून ते गणित स्वतःचे स्वतः शिकला. त्यानंतरच्या ५० वर्षांत त्याने एकदाही नोकरी केली नाही. आपल्याकडे असा मुलगा घरात असता तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असते याची कल्पना करता येते. लंडनमध्येही फारसे वेगळे म्हटले गेले नसणार.

आता केबलकडे पुन्हा वळू. थॉमसनने १८५० च्या दशकात केबलचा पहिला हिशेब मांडला होता. ओलिताचा पाट डोळ्यांपुढे आणला तर तो हिशेब समजतो. विहिरीवरची मोटर सुरू केली की पाणी पाटात लगेच पडते, पण शेवटच्या सरीत लगेच पोचत नाही. कोरडा पाट आधी आपली तहान भागवतो, मग पुढे सोडतो. शेवटच्या टोकाला पाण्याची धार बारीक सुरू होते आणि सावकाश वाढते. मोटर बंद केली तरी पाटात साचलेले पाणी बराच वेळ झिरपत येत राहते. केबलमधली तांब्याची तार, तिच्यावरचे गटापर्चाचे आवरण आणि भोवतीचे खारे पाणी मिळून असाच वीज पिणारा लांबलचक पाट तयार होतो. थॉमसनचे गणित सांगत होते की केबलची लांबी दुप्पट केली तर हा उशीर चौपट होतो.

हेविसाइडने १८७६ पासून या हिशेबात एक राहिलेली गोष्ट घातली. वाहत्या विजेला एक प्रकारचे जडत्व असते. भरलेली बैलगाडी जशी एकदम सुटत नाही आणि एकदम थांबत नाही, तसा तारेतला प्रवाहही बदलायला नाखूष असतो. या गुणाला त्याने पुढे इंडक्टन्स हे नाव दिले. इम्पिडन्स हा शब्दही त्याचाच. हे जडत्व हिशेबात घेतले की केबलमधली वीज नुसती झिरपत नाही, लाटेसारखी पुढे सरकते. मग त्याने प्रश्नच बदलला. धक्का किती अशक्त होऊन पोचतो याची चिंता सगळे करत होते. हेविसाइड विचारत होता की धक्क्याचा आकार टिकून पोचतो का. अशक्त झालेला पण आकार टिकलेला धक्का वाचता येतो. आकार मोडलेला धक्का कितीही बलवान असला तरी निरुपयोगी. मोठ्याने ओरडून बोबडे बोलणाऱ्यापेक्षा हळू पण स्पष्ट बोलणारा कळतो, तसेच हे.

१८८७ मध्ये त्याने उत्तर काढले. प्रत्येक तारेचे चार गुण असतात: रोध, जडत्व म्हणजे इंडक्टन्स, वीज साठवण्याची धारिता आणि आवरणातून होणारी गळती. रोध आणि इंडक्टन्स यांचे गुणोत्तर जर गळती आणि धारिता यांच्या गुणोत्तराइतके झाले, तर धक्का लहान होत जातो पण त्याचा आकार जराही बिघडत नाही. प्रत्यक्षातल्या तारांत इंडक्टन्स फार कमी पडतो. म्हणजे तो वाढवला पाहिजे. त्यासाठी तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवावीत. टेलिफोन तेव्हा नुकता जन्मला होता आणि लांबच्या तारेवर बोलणे खरखरीत व गढूळ ऐकू येई. हे उत्तर त्याच्या कामाचे होते.

इथे विल्यम प्रीससाहेब आडवे आले. ब्रिटिश टपाल व तार खात्याच्या विद्युत विभागात त्यांचा शब्द शेवटचा. इंडक्टन्स ही तारेला लागलेली कीड आहे, ती जितकी कमी तितके बरे, असे त्यांनी जाहीरपणे मांडले होते. आता एक बेरोजगार, अर्धवट शिकलेला माणूस सांगत होता की ती कीड नसून औषध आहे. हा लेख दोघा भावांचा मिळून होता आणि आर्थर प्रीससाहेबांच्याच खात्यात नोकरीला होता, त्यामुळे वरिष्ठांच्या परवानगीशिवाय तो छापता येत नव्हता. परवानगी मिळाली नाही. आर्थरने मान तुकवली; त्याला संसार होता. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकाचे संपादक बदलले. ऑलिव्हरचे लेख तिथे वर्षानुवर्षे छापून येत आणि त्याबद्दल वर्षाला सुमारे ४० पौंड मिळत. तीच त्याची मिळकत. नव्या संपादकाने चौकशी केली, हे लेख वाचणारे कोणी आढळले नाही आणि लेखमाला बंद झाली.

प्रीससाहेब खलनायक होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मार्कोनीला इंग्लंडमध्ये हात देणारेही तेच. त्यांचा दोष वेगळा होता. तारेत वीज किती, हे ते मोजत होते. वीज कधी आणि कशी येते, हे पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. मोजमापाचा प्रश्नच चुकीचा निवडला की मग कितीही काटेकोर मोजले तरी उपयोग नसतो.

हेविसाइडला न्याय हळूहळू मिळाला. १८८९ मध्ये थॉमसनने विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्याच्या कामाचा गौरव केला आणि १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. मॅक्सवेलची २० समीकरणे गोळीबंद करून त्याने ज्या चार समीकरणांत बसवली, तीच आज जगभर मॅक्सवेलची समीकरणे म्हणून शिकवली जातात. वेटोळ्यांची कल्पना मात्र अमेरिकेत फळाला आली. १९०० मध्ये मायकेल प्युपिनने तिचे पेटंट घेतले आणि टेलिफोन कंपनीकडून त्याला काही लाख डॉलर मिळाले. हेविसाइडने पेटंट घेतलेच नव्हते. त्याला तिकडून एक छदामही मिळाला नाही.

या सगळ्या कामात त्याने जे हत्यार घडवले, ते ध्वनीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्वांत जास्त वापरले गेले. त्याने खटक्यालाच गणिताचे रूप दिले. एका क्षणापर्यंत शून्य आणि त्या क्षणापासून एक, बस. हेच ते हेविसाइडचे पायरी फलन. एखाद्या परिपथाला अशी एक पायरी द्यायची आणि बाहेर काय येते ते काळाच्या ओघात पाहायचे. ही एकच गोष्ट कळली की त्या परिपथाबद्दल सगळे कळते, कारण कोणताही ध्वनी, कितीही वेडावाकडा असो, लहान लहान पायऱ्या एकावर एक रचून बनवता येतो. एका पायरीला परिपथ कसा वागतो हे माहीत असले की सगळ्या जिन्याचे उत्तर बेरजेने निघते. अर्थात यात एक अट आहे: परिपथ प्रामाणिक हवा, दुप्पट दिले तर दुप्पट देणारा हवा. ही अट पुढे महत्त्वाची ठरते.

हे गणित तो ज्या रीतीने करी, त्यावर केंब्रिजचे गणिती खवळले. काळानुसार होणाऱ्या बदलाची क्रिया तो साध्या अंकासारखी गुणत-भागत असे. उत्तरे बरोबर येत, पण सिद्धता नसे. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच्या या विषयावरच्या लेखमालेचा तिसरा भाग छापायला नकार दिला. पुढे ब्रॉमविच आणि इतरांनी त्या रीतीला लाप्लास रूपांतराचा भक्कम पाया घालून दिला आणि आज ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवली जाते.

आता अमरावती-अकोल्याच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत डोकावू. टेबलावर सिग्नल जनरेटर, मध्ये विद्यार्थ्याने जोडलेला ॲम्प्लिफायर आणि शेवटी ऑसिलोस्कोप, ज्याला सगळे सीआरओ म्हणतात. त्याच्या पडद्यावर विजेचा काळानुसार आलेख दिसतो. ही नळी फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये बनवली. जनरेटरचे बटण साइनवरून स्क्वेअरवर नेले की चौकोनी लहर निघते. म्हणजे एकामागून एक खटके: चढ, पठार, उतार, पठार. हेविसाइडची पायरी सेकंदाला हजार वेळा.

बाहेर येणारा चौकोन कुठे कसा मोडला आहे यावरून जाणता माणूस ॲम्प्लिफायरची नाडी ओळखतो. उभी बाजू तिरकी होऊन कोपरा गोल झाला असेल तर वरचे, म्हणजे बारीक तीव्र स्वर मार खात आहेत. इथे एक सोपा हिशेब आहे: ०.३५ ला वरच्या मर्यादेच्या कंपनसंख्येने भागले की चढायला लागणारा वेळ येतो. २० हजार हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या परिपथाला चढायला सुमारे साडेसतरा मायक्रोसेकंद लागतात. वरचे पठार उताराला लागले असेल तर खर्जाचे स्वर कमी पडत आहेत. जुन्या सेटमधला दोन टप्प्यांना जोडणारा कंडेन्सर सुकला की नेमके हेच दिसते. कोपऱ्यावर लहर उसळी मारून झोक्यासारखी हेलकावे खात असेल, तर परिपथ अस्थिर व्हायच्या काठावर आहे. ही तिन्ही दुखणी एका नजरेत दिसतात. साइन लहरीने हेच शोधायचे तर कंपनसंख्या बदलत बदलत पन्नास वेळा मोजावे लागेल.

डब्यावर छापलेले आकडे सहसा साइन लहरीचे असतात. २० ते २० हजार हर्ट्झ, विकृती अमुक टक्के. साइन लहर म्हणजे न संपणारा एकच सूर. तिला सुरुवात नाही, शेवट नाही. ऐकायचे संगीत तसे नसते. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे अमरावती जिल्ह्याला खंजिरीची जी ओळख आहे, तिचेच उदाहरण घ्या. बोट कातड्यावर पडते, क्षणात आवाज उसळतो, झांजांची किणकिण होते आणि सारे विरते. त्या थापेचा जीव पहिल्या काही हजारांश सेकंदांत असतो. ॲम्प्लिफायरने तेवढ्यात मागे राहता कामा नये.

मागे राहणे म्हणजे काय, याचाही हिशेब करता येतो. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देणाऱ्या ॲम्प्लिफायरचे व्होल्टेज शिखराला ४० व्होल्टपर्यंत जाते. २० हजार हर्ट्झवर ते शिखर गाठायचे तर व्होल्टेज मायक्रोसेकंदाला सुमारे ५ व्होल्ट या वेगाने बदलता आले पाहिजे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या खणात सापडणाऱ्या ७४१ या आयसीचा वेग असतो अर्धा व्होल्ट. एक हजार हर्ट्झची साइन लहर देऊन तपासले तर मायक्रोसेकंदाला पाव व्होल्ट पुरतो, म्हणून वेगाने अपुरा असलेला परिपथ तिथे सहज पास होतो. मोठी आणि अचानक थाप आली की मात्र तो तिरक्या रेषेत धापा टाकत चढतो. इथे मघाची प्रामाणिकपणाची अट मोडते: दुप्पट दिले तरी वेग दुप्पट होत नाही.

१९७० मध्ये फिनलंडच्या मट्टी ओटालाने नेमके यावर बोट ठेवले. ट्रान्झिस्टरच्या नव्या ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर आलेल्या सिग्नलचा अंश मागे नेऊन चूक सुधारतात. ती सुधारणा पोचायला क्षणभर उशीर झाला, तर तेवढ्या क्षणात आतला टप्पा ओव्हरलोड होतो आणि कागदावर उत्तम असलेला सेट कानाला टोचतो. त्यावर पुढची दहा वर्षे कडाक्याचा वाद झाला. बऱ्याच जणांचे म्हणणे पडले की परिपथाचा वेग पुरेसा ठेवला तर हा दोष उरत नाही, आणि तीव्र स्वरांच्या साइन लहरीनेही तो पकडता येतो. दोन्ही बाजूंत तथ्य होते. वाद घडला म्हणून वेगाचा आकडा माहितीपत्रकांत येऊ लागला, हे त्याचे खरे फळ.

पण चौकोनी लहरीचे भक्त कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. चौकोन पडद्यावर वाकडा दिसला म्हणजे आवाज वाकडा, असे नसते. दहा हजार हर्ट्झचा चौकोन २० हजारांपर्यंतच जाणाऱ्या परिपथातून पाठवला तर तो जवळजवळ गोल होऊन येतो, कारण त्याचे कोपरे ज्या स्वरांनी बनतात ते ३० हजार हर्ट्झच्या पुढचे असतात. ते माणसाला ऐकूच येत नाहीत. चाळिशी-पन्नाशीनंतर तर बहुतेकांची वरची मर्यादा २० हजारांच्या बरीच खाली आलेली असते. शिवाय प्रामाणिक परिपथासाठी काळात मोजा की कंपनसंख्येत मोजा, माहिती तीच असते. एका आलेखावरून दुसरा गणिताने काढता येतो. डोळ्याला कोणता दोष कुठे चटकन दिसतो, एवढाच प्रश्न असतो. आणि खरी हेलकावणी पुष्कळदा ॲम्प्लिफायरमध्ये नसतेच. रिकाम्या मंगल कार्यालयात एक टाळी वाजवून पाहावी. ती जितका वेळ घुमते त्यापुढे ॲम्प्लिफायरचे सगळे दोष किरकोळ ठरतात.

हेविसाइडच्या स्वतःच्या आयुष्याची उतरण मात्र लांब आणि एकाकी होती. १८८९ मध्ये तो आईवडिलांसह डेव्हन परगण्यात पेन्टन इथे राहायला गेला. तिथे त्याचा भाऊ चार्ल्स याचे वाद्यांचे दुकान होते. दुकानाच्या वर त्यांचे बिऱ्हाड. ध्वनीच्या यंत्रांचे गणित घडवणारा अर्धबहिरा माणूस पियानोच्या दुकानावर राहत होता, ही योगायोगाची गोष्ट. काही वर्षांत आईवडील गेले. १८९६ मध्ये सरकारने वर्षाला १२० पौंड पेन्शन दिली. मित्रांनी ती गाजावाजा न करता मिळवून दिली, कारण दान वाटले तर तो घेणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

१९०२ मध्ये त्याने एका विश्वकोशातल्या लेखात सहज एक शक्यता नोंदवली: वातावरणाच्या वरच्या भागात विजेला वाहू देणारा थर असावा आणि रेडिओलहरी त्याच्यावरून परतून पृथ्वीच्या गोलाईपलीकडे जात असाव्यात. अमेरिकेत केनेली यानेही त्याच वर्षी हेच म्हटले. १९५० च्या दशकात कोलंबोहून निघालेले रेडिओ सिलोनचे कार्यक्रम वऱ्हाडातल्या सेटवर लघुलहरींवर लागत, ते अशाच थरांच्या कृपेने.

१९०८ पासून तो टॉर्की इथे एका नातेवाईक बाईंच्या घरी राहिला. त्या सोबत करत होत्या, पण १९१६ मध्ये त्याही निघून गेल्या. मग घर त्याचे एकट्याचे. पत्रांवर सहीपुढे तो डब्ल्यू.ओ.आर.एम. अशी अक्षरे पदवीसारखी लावू लागला. ती सलग वाचली की इंग्रजीत किडा असा शब्द होतो. ती थट्टा होती की कडवटपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. दिव्याच्या गॅसच्या बिलावरून कंपनीशी त्याचे भांडण चाले आणि गॅस तोडला जाई. विक्षिप्तपणाच्या या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची थंडीत काय अवस्था झाली असेल, याचा विचार त्या मानाने कमी होतो.

१९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केले आणि पहिले पदक हेविसाइडला दिले. तो लंडनला जाणार नव्हता, म्हणून संस्थेचे अध्यक्ष ते घेऊन टॉर्कीला गेले. १९२४ च्या डिसेंबरात एडवर्ड ॲपलटनने रेडिओलहरी वरच्या थरावरून परत येतात हे प्रयोगाने दाखवले. त्यानंतर काही आठवड्यांनी हेविसाइड घरात शिडीवरून पडला. त्या दुखण्यातून तो उठला नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्याचा मृत्यू झाला आणि पेन्टनच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरण्यात आले.